१० बाय १५ च्या हॉलमध्ये हॉर्न स्पीकर आणि सबवूफर बसवावेत का आणि कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुंबईत सोसायटीतला फ्लॅट, हॉल १० बाय १५ फूट, उंची साडेनऊ, अमेरिकेच्या क्लिप्श कंपनीच्या ला स्कालासारखे पूर्ण हॉर्नवाले स्पीकर (ज्यांत आवाज पसरट होत जाणाऱ्या कर्ण्यातून बाहेर येतो) घ्यायचं मनात आहे, सोबत सब, म्हणजे फक्त खालचा जाड आवाज काढणारा सबवूफर, पण हॉर्नचाच बनवून घ्यावा की एकच मोठा घ्यावा असा विचार आहे, आणि सगळे सांगतायत की एवढ्याशा खोलीत हॉर्न लावलात तर डोकं उठेल आणि शेजारी पण उठतील.

लावा हो, खुशाल लावा. छोट्या खोलीत हॉर्न चालत नाही हे जे सांगतात त्यांनी बहुतेक हॉर्न म्हणजे मंडपाच्या खांबावरचा भोंगाच ऐकलेला असतो. उलट मला तर वाटतं आपल्या अरुंद हॉलला हॉर्न जास्त सोयीचा आहे, कारण साधा डोम ट्वीटर (वरचे सूर काढणारा घुमटीसारखा छोटा स्पीकर) चहूकडे आवाज फेकतो आणि ५ फुटांवरच्या बाजूच्या भिंतीवरून तो लगेच परत येऊन मूळ आवाजात मिसळतो, तर हॉर्न तो आवाज एका ठरावीक कोनात धरून ठेवतो आणि भिंतीकडे कमी जाऊ देतो. अर्थात ही पकड खालच्या सुरांपर्यंत टिकत नाही, ती हॉर्नच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असते, ९० अंशाचा आणि १६ इंच रुंद हॉर्न असेल तर साधारण ७०० हर्ट्झपर्यंत पकड राहते, त्याच्या खाली सुटत जाते. म्हणजे वरची बाजू हॉर्न स्वतः सांभाळतो, तुमची खरी मेहनत आहे ती सगळी खाली, २०० हर्ट्झच्या आत, आणि तिथे खोलीच राज्य करते, स्पीकर कितीही महागाचा असो. म्हणून मी या उत्तरात जास्त वेळ सबवरच घालवणार आहे.

आधी हे बघा की एवढं मोठं धूड घेऊन पण सब का लागतो. जुन्या फोनोग्राफच्या कर्ण्यापासून नियम एकच आहे, कर्ण्याच्या तोंडाचा घेर हा त्याला जो सगळ्यात खालचा सूर काढायचाय त्याच्या तरंगलांबीएवढा तरी पाहिजे. मुंबईच्या ३० डिग्रीत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झचा एक तरंग पावणेनऊ मीटर, आणि तेवढ्या घेराचं गोल तोंड केलं तर ते ९ फुटांच्या वर जातं, म्हणजे जवळपास तुमची फरशी ते छत! पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत अर्कान्सामधल्या होप गावी क्लिप्शहॉर्न बनवायला घेतला तेव्हा यातूनच वाट काढली, हॉर्न पेटीत घड्या घालून बसवला आणि पेटी कोपऱ्यात ठेवली, म्हणजे दोन भिंती आणि फरशी मिळून पुढचा हॉर्न होतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर येतं. कल्पना जबरदस्तच आहे पण त्याला एकाच भिंतीचे दोन मोकळे सरळ कोपरे लागतात, आणि आपल्याकडे एका कोपऱ्यात आरसीसीचा पिलर पुढे आलेला असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाल्कनीचा दरवाजा. ला स्कालाला कोपरा लागत नाही म्हणून ती तुमच्यासाठी बरोबर आहे, पण ती ५० हर्ट्झच्या आसपास संपते. तेव्हा सब पाहिजेच.

आता खोलीचा हिशोब. ज्या सुरावर दोन भिंतींमध्ये खोली स्वतःच घुमते त्याला मी ठोका म्हणतो. १५ फूट लांबीचा पहिला ठोका ३८ हर्ट्झवर येतो आणि दुसरा ७६ वर, १० फूट रुंदीचा ५७ वर आणि साडेनऊ फूट उंचीचा ६० वर. ५७ आणि ६० किती जवळजवळ आलेत बघा, उंची आणि रुंदी जवळपास सारखी असली की हे असंच होणार, त्या पट्ट्यात आवाज फुगतो आणि लोकं म्हणतात सब बूम बूम करतोय. बिचाऱ्या सबचा त्यात काही दोष नसतो.

स्पीकर १० फुटी भिंतीला लावा आणि लांबीच्या दिशेने ऐका. दोन्ही पेट्या भिंतीला अगदी चिकटवा, कारण भिंतीपासून २ फूट पुढे ओढलात तर मागून परतणारा आवाज १४५ हर्ट्झच्या आसपास पुढच्या आवाजाला खातो आणि डग्ग्याचं अंग जातं. पेट्यांची तोंडं अशी आत वळवा की दोघांच्या रेषा तुमच्या कानाच्या थोडं पुढेच एकमेकींना छेदतील, म्हणजे सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या माणसाच्या समोर उजवा स्पीकर थेट येतो आणि जवळचा डावा जरा बाजूला पडतो, त्यामुळे गाणारा मधेच राहतो. घरात चार माणसं एकत्र ऐकणार असतील तर याचा फार फायदा होतो.

सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका. मला माहितेय की हॉलमध्ये दुसरी जागाच नसते, पण भिंतीला टेकून बसलं की वर सांगितलेले लांबीचे सगळे ठोके एकदम कानावर येतात, आणि बरोब्बर मध्यावर म्हणजे साडेसात फुटांवर बसलं तर ३८ हर्ट्झ गायबच होतो. कान पुढच्या भिंतीपासून ९ ते १० फुटांवर आले तर उत्तम, मागे जी जागा राहील तिथे डायनिंग टेबल टाका. हे अजिबातच जमणार नसेल तर निदान दीड-दोन फूट तरी सोफा पुढे घ्या आणि डोक्यामागे पुस्तकांचं भरलेलं शेल्फ ठेवा.

आता सब. एक मोठा घेऊ का असं विचारलंयत, तर माझं ठाम मत आहे की दोन घ्या, जरा लहान चालतील, १२ इंची बंद पेटीचे, पण दोन. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सब किती आणि कुठे ठेवावेत याचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता, त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब ही मांडणी फार चांगली ठरली, आणि तुमच्या खोलीत ती का चालेल ते सांगतो. एक सब टीव्हीच्या खाली पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा डायनिंगच्या मागे मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोघेही रुंदीच्या मधोमध असल्यामुळे ५७ चा ठोका उठतच नाही कारण मध्यावर त्याचा दाब शून्य असतो, आणि लांबीच्या दोन्ही टोकांना एकदम सारखा दाब दिल्यामुळे ३८ चा पण उठत नाही, कारण त्याला एका टोकाला दाब आणि दुसऱ्या टोकाला ओढ लागते. म्हणजे काही एक न कापता दोन मोठे त्रास गेले! उरतात ७६ आणि ६०, ते ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने, दाबता येतात. याची किंमत एवढीच की खोली जे फुकट फुगवून देत होती ते मिळत नाही, सबला स्वतःच्या ताकदीवर वाजावं लागतं, म्हणून पण दोन हवेत. आणि लक्षात घ्या, तेवढाच आवाज अर्ध्या फ्रिक्वेन्सीवर काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, आणि १०५ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे १ वॉटला १ मीटरवर तेवढा आवाज देणारा) हॉर्न १ वॉटमध्ये जे करतो त्याला ८७ डीबीच्या साध्या स्पीकरला ६३ वॉट लागतात, तर अशा स्पीकरच्या जोडीला ८ इंची छोटा सब ठेवला की तो पहिल्याच ढोलाला धापा टाकतो.

सध्या एकच परवडत असेल तर जागा रांगून शोधा. सब उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एखादी खाली-वर फिरणारी बासची चाल लावा आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरा, जिथे सगळे सूर सारखे येतात तिथे सबची जागा. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीच्या दृष्टीने फरक पडत नाही म्हणून हे चालतं.

हॉर्नचा सब बनवून घ्यायचा विचार मात्र या खोलीपुरता सोडा असं मी म्हणेन. अमेरिकन स्पीकर डिझायनर टॉम डॅनली यांचा टॅप्ड हॉर्न (ज्यात कोनच्या दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कर्ण्यात सोडलेला असतो) असो की साधा घडीचा, ३० हर्ट्झपर्यंत जाणारी पेटी कपाटाएवढी होते आणि दोन ठेवायला जागा उरत नाही. दुसरी अडचण वेळेची. आतला रस्ता अडीच मीटरचा असेल तर आवाज बाहेर यायलाच ७ मिलिसेकंद उशीर होतो, आणि ८० हर्ट्झचं अख्खं आवर्तन साडेबाराचं असतं, म्हणजे सब अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त मागे पडला. मग लोकं वायर उलटी करतात, क्रॉसओव्हरवर, म्हणजे सब आणि मुख्य स्पीकर जिथे काम वाटून घेतात त्या फ्रिक्वेन्सीवर, बेरीज जरा सुधारते पण थाप आणि तिचा घुमारा वेगवेगळेच येतात. तरीही बनवलातच तर मुख्य स्पीकरना तेवढा डिले द्यावा लागेल, आणि रिसीव्हर असेल तर त्यात सबचं अंतर टेपने मोजलेलं न भरता आतला रस्ता मिळवून भरायचं, ३ मीटरवर ठेवलाय तर साडेपाच. पेटी सुताराकडून करून घेणार असाल तर आयएस ७१० छापाची १८ एमएमची मरीन प्लायच वापरा, एमडीएफ आपल्या पावसाळ्यात कडेने फुगतो, मग जोड सुटून पेटी फुरफुरायला लागते.

क्रॉसओव्हर ८० वर, ऑक्टेव्हला २४ डीबी कापणाऱ्या लिंकविट्झ-रायली फिल्टरने सुरुवात करा, आणि ला स्कालाला पण खालून कापा, कारण हॉर्नची हद्द संपली की कोनला हवेचा अटकाव राहत नाही, तो नुसताच हलतो आणि मधला आवाज गढूळ करतो. हे सगळं करायला छोटा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा) लागेल, मिनीडीएसपीचा २ बाय ४ एचडी पुरतो, आणि त्याच कंपनीचा यूमिक-१ हा मोजायचा माइक घ्या, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. महागड्या केबलचा विचार या माइकनंतर करा. साध्या केबल, कनेक्टर सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. ईक्यूमध्ये उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका, खड्ड्यात कितीही पॉवर ओतली तरी खोली ती खाऊन टाकते.

मोजून झालं की कानाने तपासायची माझी पद्धत सांगतो. एखाद्या चांगल्या रेकॉर्डिंगमधला विलंबित एकताल लावा आणि फक्त डग्गा ऐका. तबलजी तळहात दाबत डग्ग्याचा सूर वर सरकवतो ना, तो सूर साधारण क्रॉसओव्हरच्याच आसपास फिरतो, तर तो सरकताना मधेच बारीक होता कामा नये, मधेच फुगता कामा नये, आणि मुख्य म्हणजे डग्गा दोन स्पीकरच्या मधे तबल्याच्या शेजारीच राहिला पाहिजे, मागच्या सबकडून येतोय असं वाटलं तर मागचा सब १-२ डीबीने कमी करा किंवा क्रॉसओव्हर ७० वर आणा. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगली परीक्षा नाही, आणि भीमसेनजी किंवा किशोरीताई ऐकायच्या असतील तर शेवटी हेच जमायला हवंय.

एक छोटी गोष्ट, एवढ्या सेन्सिटिव्ह हॉर्नमधून अॅम्पची बारीकशी सूं पण ऐकू येते, तेव्हा जास्त वॉटपेक्षा शांत अॅम्प बघा, आणि सगळी उपकरणं एकाच अर्थिंगच्या बोर्डवर घ्या, सेट टॉप बॉक्सची केबल लावल्यावर गुणगुण आली तर दोष तिथेच असतो.

शेजाऱ्यांचं. खरं सांगायचं तर भिंतीला चिकटवलेल्या त्या टोकेरी फोमने ४० हर्ट्झ तसूभरही अडत नाही, पडद्याने पण नाही. सबखाली जाड रबर ठेवलं की स्लॅबमध्ये थेट जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा भाग भिंत आणि स्लॅब पार करतोच. त्यामुळे सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे वर सांगितलेली मांडणी आणि ईक्यूच, कारण खोलीत जो ठोका फुगत नाही तो खालच्या मजल्यावर पण कमी पोचतो, आणि तुम्हाला आवाज वाढवावासा पण वाटत नाही. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डीबी(ए) ही मर्यादा आहे, पण मोबाईलच्या अॅपवर ए वेटिंग (खालचे सूर कमी धरणारी मोजणी) असेल तर ४० हर्ट्झ ते जवळजवळ ३५ डीबीने कमी दाखवतं, आकडा बघून तुम्ही निवांत आणि खालच्या काकूंच्या छातीत धडधड. सी वेटिंग, जे खालचे सूर फारसे कमी करत नाही, ते लावून बघा. डीएसपीमध्ये रात्रीचं वेगळं सेटिंग करून ठेवा, ५० च्या खाली सगळं कापलेलं, हॉर्न हळू आवाजात पण जिवंत वाटतो त्यामुळे फार चुकल्यासारखं वाटत नाही.

आणि पहिल्याच दिवशी २० ते १२० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळूहळू फिरवून घरात काय काय वाजतंय ते शोधा, सरकत्या खिडक्या, शोकेसच्या काचा, स्टीलचं कपाट, पंख्याची वाटी, फॉल्स सीलिंग, देव्हाऱ्यातली घंटा, प्रत्येकाला फेल्ट नाहीतर रबराची पट्टी. कोपऱ्यात ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचं ४ इंची रॉकवूल (दगडी लोकर) कापडात गुंडाळून फरशीपासून छतापर्यंत उभं केलंत तर ६० चा पट्टा अजून थोडा बसेल, पण बाहेरच्या भिंतीपासून २ इंच सोडून ठेवा, जुलैमध्ये ओल धरते.

तुमचा पिलर आणि बाल्कनीचा दरवाजा नक्की कुठे आहे ते लिहा, दोन सब मध्यावर बसत नसतील तर दुसरी जागा सुचवतो. आणि स्पीकर मागवायच्या आधी लिफ्टचं दार मोजा.