क्लासमध्ये जमतं, घरच्या गाडीत अडतं

"क्लासमध्ये छान चालवायची. मामाच्या गाडीत बसली की बंद पाडते. आता किल्लीला हातच लावत नाही, आणि शिकाऊ परवान्याची मुदत संपत आलीय. मागे लागू की सोडून देऊ?" परळहून आलेल्या एका आईचा प्रश्न. मुलगी 18 वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीशी एकटीशी बोलल्यावर प्रसंग कळला. उड्डाणपुलाचा चढ, गाड्यांची रांग. निघताना गाडी किंचित मागे घरंगळली. "अगं ब्रेक, ब्रेक!" मामा ओरडले. क्लच अर्धवट सुटलेला असतानाच तिनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद. मागे बेस्टच्या बसचा हॉर्न. मामांनी तिला तिथेच उतरवून स्टिअरिंग स्वतः घेतलं. हे उतरवणं तिला फार लागलं होतं.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. शिकणाऱ्याचा पाय चुकला तरी तो तिकडून सावरून घेतो आणि चूक झाली हे कळतही नाही. घरच्या गाडीत ती पहिल्यांदा उघडी पडते. हे सांगितल्यावर मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे मला हे कधी आलंच नव्हतं!" तिचा चेहरा मोकळा झाला.

सराव पहाटे, सपाट रिकाम्या गल्लीत ठरला. सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटर नाहीच. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड होऊन गाडी थरथरली की पाय तिथेच दोन-तीन सेकंद धरायचा, गाडी सरकू लागली की मग उरलेला सोडायचा. पाय झटकन उचलला तर इंजिनवर एकदम भार येतो आणि ते बंद पडतं. हे अंगवळणी पडल्यावर हलका चढ: हँडब्रेक ओढलेला, क्लच त्याच जागी, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, गाडीनं पुढे ओढ घेतली की हँडब्रेक खाली.

खरं काम मामांसोबत होतं. शिकाऊ चालकाशेजारी पक्का परवानाधारक हवा आणि त्याला गाडी थांबवता आली पाहिजे, असा नियमच आहे. म्हणून त्यांचा हात हँडब्रेकजवळ. सूचना आधी आणि एका वेळी एकच. "सांभाळ" म्हटल्यानं काय करायचं ते कळत नाही, "क्लच दाब" म्हटल्यानं कळतं. गाडी बंद पडली तर तिनंच ब्रेक धरून, क्लच दाबून, न्यूट्रल करून ती पुन्हा सुरू करायची. तोवर मामा गप्प.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो, 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मुदत गेलीच तर शिकाऊ परवाना पुन्हा काढता येतो, तारखेपायी धाक नको. धाकट्या 16 वर्षांच्या भावाला मात्र "गल्लीतच तर आहे" म्हणून किल्ली अजिबात देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

निघताना मुलीनं एक अट घातली: आईनं मागच्या सीटवर बसायचं नाही. आईनं थोडे आढेवेढे घेतले, पण मान्य केलं.