आफ्टरबर्नर दाबला, पेटवला की पेटला?

शिरपूरच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: ‘वैमानिकाने आफ्टरबर्नर दाबला’ असं बातमीत वाचलं, ते बरोबर का? आणि पश्चदाहक वेगळा, पुनर्तापन वेगळं का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं. वस्तू एकच: लढाऊ विमानाच्या जेट इंजिनात मागच्या बाजूला जादा इंधन जाळून रेटा, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, वाढवणारा भाग. अमेरिकी आफ्टरबर्नरचा पश्चदाहक झाला, ब्रिटिश रीहीटचं पुनर्तापन. त्यातलं ‘पुनर्तापन’ व्याकरणात बसत नाही. विसर्गापुढे त आला की स् होतो, म्हणून पुनस्तापन (अंतस्ताप आठवा). पुनर्दहन चालेल. पण धुळ्याहून नाशिकला जाताना लागणाऱ्या ज्या ओझरला सुखोई-३० ही लढाऊ विमानं बांधली गेली, तिथं यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी असेल असं मला वाटत नाही. नाम आफ्टरबर्नरच राहू द्या.

क्रियापदाचा प्रश्न जास्त मोलाचा. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूत बराच ऑक्सिजन उरलेला असतो. त्यात पुन्हा इंधन फवारून जाळायचं, की सुखोईच्या एका इंजिनाचा रेटा साडेसात-पावणेआठ टनांवरून साडेबारा टनांवर जातो. इंधन मात्र पाण्यासारखं जातं. यात दाबण्यासारखं काही नाही. वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, खाच ओलांडून पुढे सरकवतो. म्हणून तो आफ्टरबर्नर ‘पेटवतो’.

आणि आफ्टरबर्नर ‘पेटतो’, हे वेगळं. शेतात भरताच्या पार्टीला वारा सुटला की पऱ्हाट्या धरत नाहीत, मग आडोसा करावा लागतो. इंजिनाच्या नळीतही ज्योत टिकावी म्हणून व्ही आकाराच्या पन्हळीचा आडोसा केलेला असतो. तरी उंचावर, कमी वेगात, नळीतला दाब घटला की ज्योत धरत नाही किंवा धरून विझते. म्हणून चाचणीत निरनिराळ्या उंचीला आणि वेगाला तो पेटवून पाहतात. पेटताक्षणी मागचं नॉझल, म्हणजे वायू बाहेर पडण्याचं तोंड, रुंदावलं पाहिजे. उशीर झाला तर दाब उलटा इंजिनाच्या पुढच्या पंख्यांपर्यंत पोचून इंजिन गचके खातं. हवेत रेटा थेट मोजता येत नाही. दाब, तापमान, इंधनाचा प्रवाह यांवरून किंवा सपाट उड्डाणात विमान किती झपाट्याने वेग घेतं त्यावरून तो काढतात.

थ्रॉटल सरकल्यापासून ज्योत धरेपर्यंतचा वेळही नोंदला जातो. म्हणजे ‘पेटवला’ आणि ‘पेटला’ यांच्यातलं अंतर. बातमीत वैमानिकाची कृती सांगायची असेल तर ‘पेटवला’ लिहा, ज्योत लागल्याची खात्री असेल तरच ‘पेटला’.