चेंडू टोकाला थांबतो, मग त्वरण का थांबत नाही?

तुमचा प्रश्न असा: सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, मग त्या क्षणी त्वरणही (म्हणजे वेग बदलण्याचा दर) शून्य का नाही? अकरावीत मी पेपरात बिनधास्त ‘शून्य’ लिहून आलो होतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी आकडे बघू. हवेचा विरोध सोडून द्या आणि चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर निघाला असं धरा. गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला त्याच्या वेगातून ९.८ वजा होतात. पहिल्या सेकंदाअखेर उरतात ९.८, दुसऱ्याअखेर शून्य, आणि तिसऱ्याअखेर उणे ९.८, म्हणजे वेग तेवढाच पण खालच्या दिशेने. आता टोकाच्या अगदी जवळ जा. टोकाला पोचायच्या ०.१ सेकंद आधी वेग ०.९८ असतो, ०.१ सेकंदानंतर उणे ०.९८. वजाबाकी एका लयीत चालूच आहे, शून्य हा तिच्या वाटेत लागलेला एक आकडा. तिथे वेगही शून्य आणि त्याचं बदलणंही बंद झालं असतं, तर चेंडू अधांतरी लटकून राहिला असता!

मग तो थबकल्यासारखा का दिसतो? कारण टोकाच्या आधीचा आणि नंतरचा मिळून ०.२ सेकंद तो टोकापासून जेमतेम ५ सेंटिमीटरच्या आत असतो. वर जायच्या दोन सेकंदांपैकी शेवटचा अख्खा सेकंद त्याला वरचे ४.९ मीटर चढण्यात जातो, आणि एकूण उंची आहे १९.६ मीटर.

पण माझ्या मते घोळाचं खरं मूळ ब्रेकमध्ये आहे. आपण आयुष्यभर गाड्या थांबताना बघतो. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला की आपण पुढे झुकतो, पाय रोवून तोल सांभाळतो, आणि बस पूर्ण थांबते त्या क्षणी मागे हिसका बसतो. तो हिसका म्हणजेच त्वरण एकाएकी शून्य झाल्याची खूण. ब्रेकचं घर्षण गाडीला थांबवतं, उलटं ढकलत नाही. (मुरलेला ड्रायव्हर थांबायच्या जरासं आधी ब्रेक सैल सोडतो, मग हिसका जाणवत नाही.) तिथे वेग आणि त्वरण खरोखर जोडीने संपतात. चेंडूवरचं गुरुत्वाकर्षण मात्र चेंडू थांबलाय की पळतोय हे विचारत बसत नाही.

त्यात आपली भाषाही घात करते. चढताना ‘मंदन’ म्हणायचं आणि उतरताना ‘त्वरण’. दोन नावं ऐकली की दोन गोष्टी वाटतात, आणि मध्ये कुठेतरी अदलाबदलीचा क्षण असेल असंही वाटतं. वरची दिशा धन धरलीत तर हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत त्वरण एकच, उणे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. चेंडू तिरका फेकला असेल तर टोकाला वेगसुद्धा शून्य नसतो. फक्त उभा घटक शून्य होतो, आडवा होता तेवढाच राहतो.