कंबोडियात अंगकोरची मंदिरं आणि तळ्याकाठचं खांबांवरच्या घरांचं गाव, तीन दिवसांत दोन्ही नीट बघून होतील का?

हो, आरामात होतील. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात मुक्काम करा आणि मंदिरांचा तीन दिवसांचा पास काढा. तो सलग वापरावा लागत नाही, त्यामुळे मधला दिवस गावासाठी ठेवता येतो.

अंगकोर वाट १२व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने बांधलेलं, मुळात विष्णूचं मंदिर. सूर्योदयाचे फोटो काढून बहुतेक लोक नाश्त्याला परत जातात. तुम्ही मात्र तेव्हाच पूर्वेकडच्या ओवरीत जा. तिथे भिंतभर समुद्रमंथन कोरलंय: एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. वासुकी ओढणाऱ्यांची ती लांबच लांब रांग सावकाश बघा. आपल्याला ही गोष्ट लहानपणापासून माहीत असते, त्यामुळे गाइडशिवायही सगळं ओळखू येतं. बायॉन आणि ता प्रोम ही मंदिरंही त्याच दिवशी होतात. बांते स्राय मंदिर थोडं लांब आहे, पण गुलाबी दगडातलं इतकं बारीक कोरीवकाम चुकवू नका.

गावासाठी मी काम्पाँग फ्लुक सुचवेन. पावसाळ्यात मेकाँग नदीला पूर आला की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी, तळ्याकडे वाहते आणि तळं कित्येक पटींनी पसरतं, म्हणून घरं एवढ्या उंच खांबांवर. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गेलात तर पाण्यात बुडालेल्या जंगलातून होडी जाते. मार्च-एप्रिलमध्ये खाली नुसती कोरडी जमीन आणि उघडे खांब दिसतात. लोकांच्या घरात डोकावून फोटो काढू नका, प्लीज. मंदिरात खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत.