अँबेसिडरचं इंजिन जाम झालंय, पिस्टन कसे सोडवायचे?

वीस वर्षं शेडमध्ये उभी राहिलेली मार्क टू अँबेसिडरचं इंजिन फिरत नाही म्हणताय, तर आधी एक सांगतो: स्टार्टर मारू नका आणि गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढूही नका. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकला की काम दुप्पट.

चारही स्पार्क प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ओता. अॅसिटोन भुर्रकन पेटतं, त्यामुळे बिडी-काडी लांब. सोलापूरच्या उन्हात ते उडूनही जातं, म्हणून रोज थोडं टाकत राहा, आठवडाभर तरी. मग फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) दात्यांना पहार लावून पुढे-मागे हलवा. केसभर हललं तरी निम्मी लढाई जिंकलात.

माझ्या गाडीचे तीन पिस्टन सुटले, चौथा हटेना. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर व्हॉल्व्ह उघडा राहून पाणी शिरलेलं, सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचं कडं! आधी ते पॉलिश पेपरने घासून काढलं, मग पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोकलं. थेट लोखंडाने ठोकू नका, अॅल्युमिनियमचा पिस्टन फुटतो. रात्री उघड्या ब्लॉकवर जुनी चादर टाका, आपल्याकडची धूळ माहीतच आहे. आणि सुरू करण्याआधी इंजिन ऑइल बदला. ओतलेलं सगळं खाली झिरपलेलं असतं.