यादीतली सात नंबरची ओळ

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझी नव्या वर्षाची यादी मोबाईलवर मिळाली. चष्मा लावून दोनदा वाचली. पहाटे पाचला उठणं, रोज चार किलोमीटर पळणं, वर्षात चोवीस पुस्तकं, साखर बंद, एमपीएससीची पूर्व परीक्षा, आईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार, आणि सात नंबरला एवढंच: 'गावच्या राजकारणात उतरायचं.' पहिल्या सहांचं तुझं तू बघ. साखर बंद करणारे मी संक्रांतीपर्यंतच टिकलेले बघितलेत. पण सातवीपुढं तू 'आत्ती, काय करू?' असं लिहिलंयस, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी मला सांग, उतरायचं म्हणजे काय करायचं? फॉर्म भरायचा? का चौकातल्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत, 'शुभेच्छुक' लिहिलेल्या पट्टीत, बटणाएवढा फोटो लावून घ्यायचा? गेल्या महिन्यात आपल्या स्टँडसमोर एक फ्लेक्स लागला होता. सहज मोजले तर खालचे चेहरे चाळीस भरले. त्यातल्या निम्म्या पोरांना आपला वॉर्ड कुठं संपतो ते सांगता आलं नसतं.

माझं उतरणं कसं झालं ते तुला कधी सांगितलं नाही. 1997 ची गोष्ट. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली होती आणि तिसरा हिस्सा जागा बायकांना राखीव होत्या. (आता आपल्या राज्यात निम्म्या आहेत.) आमचा वॉर्ड राखीव निघाला. सोप्यात पॅनेलची माणसं बसली होती, मी आत चहा टाकत होते. कपबशा घेऊन बाहेर गेले तेव्हा कळलं की उमेदवार मी आहे.

निवडून आले. पहिली दीड वर्षं ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं तोंडसुद्धा बघितलं नाही. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतल्या ठरावांची वही, काखेत मारून घरी यायचा, मी कणकेचा हात पदराला पुसून सही करायची. पानाच्या वर तारीख, खाली सह्या, मधलं सगळं पान कोरं. मला वाटायचं, असंच असतं. मग एका उन्हाळ्यात आळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं आणि कागदावर मात्र पाइपलाइनची दुरुस्ती होऊन बिलसुद्धा निघालं होतं. एक म्हातारी म्हणाली, "ठरावाखाली सही तुझीच हाय की गं." मी ग्रामपंचायतीत गेले, बुक मागितलं. सही माझीच होती. कोपऱ्यात वाळलेल्या कणकेचा डाग होता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

पुढच्या सभेला गेले. दाराजवळची खुर्ची मिळाली. विषय नंबर एक कायम ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडं वाचत कुणीच नव्हतं, नुसतं कायम करत होते. मी म्हटलं, "वाचा की." सगळे माझ्याकडं बघायला लागले. ग्रामसेवकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वाचलं. त्या दिवशी सभा तासभर लांबली. पुढच्या निवडणुकीत मी एकोणीस मतांनी पडले, आणि त्यातली सात-आठ मतं आपल्याच भावकीची होती हे मला माहीत आहे. असो.

तर सातवी ओळ खोड आणि तिथं एक विषय लिही. दिवाळीत तूच कुरकुर केली होतीस की स्टँडपासून हायस्कूलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत, क्लासच्या पोरी मोबाईलच्या उजेडात घरी येतात. तोच विषय घे. वर्षभर दुसरा कुठला घेऊ नको. गटारीचं कुणी सांगेल, स्मशानभूमीच्या शेडचं कुणी सांगेल, ऐकून घे आणि दिव्याचंच विचारत राहा.

कसं करायचं ते सांगते, कारण तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात कलमं असतात, पण कपाटाची किल्ली कुणाकडं असते ते नसतं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, नाव बदललंय. त्यांच्याकडं जाऊन या वर्षाचा विकास आराखडा बघायला माग. त्यात दिवे आहेत का बघ. नसतील तर पैसे कुठले ते विचार. केंद्राकडून गावाला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचं असं होतं की साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, उरलेल्या चाळीस टक्क्यांत बाकीचं गाव. दिव्यासाठी बंधित निधी मागितलास की 'नियमात बसत नाही' म्हणून तुला वाटेला लावतील, आणि ते खरं बोलत असतील. अबंधित, म्हणजे न बांधलेला, माग. आयोग बदलला की टक्केही बदलतात, तेव्हा आधी कोणता पैसा कुठं चालतो ते विचारून घे.

तोंडी बोलून येऊ नको. अर्ज लिही, दोन प्रती कर, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घे. कुणी म्हणेल, "आपलीच माणसं, पोच कशाला?" हसून म्हणायचं, "माझ्या फायलीला लागते." माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण पहिल्याच आठवड्यात तो टाकू नको. गावात तो अर्ज म्हणजे कोर्टाची नोटीस आल्यासारखं घेतात. सरळ मागून कागद मिळतो का बघ. नाहीच मिळाला तर टाक, आणि मग कुणी सांगितलं म्हणून मागं घेऊ नको.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. तुझा विषय त्याआधी लेखी द्यायचा, म्हणजे तो विषयपत्रिकेत येतो. नाहीतर शेवटी 'ऐनवेळच्या विषयांत' जातो, आणि तोवर माणसं उठलेली असतात. गणपूर्तीला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढी जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या सभेत दहा-बारा जण असतात. बरेच ठराव होतात ते त्याच दहा-बारा जणांत, तेव्हा तहकुबीची तारीख वहीत लिहून ठेव. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्याकडं ती बऱ्याचदा कागदावरच होते. क्लासच्या चार पोरींच्या आयांना घेऊन तिथं जाऊन बस, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल.

आता घरचं. वॉर्डातले सदस्य तुझे चुलते लागतात. तू सभेत उठलीस की ते तुझ्याशी बोलणार नाहीत, तुझ्या वडिलांशी बोलतील. तेही दिव्याबद्दल बोलणार नाहीत. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलतील. बापाला ते बरोबर कळेल. म्हणून सभेच्या आधी एकदा काकांकडं जा, चहा घे, कागद दाखव, "काका, हा विषय तुम्हीच मांडा" म्हण. मांडला तर श्रेय त्यांचं. नाही मांडला तर तू मांड, आणि तोंडातून काकांचं नाव काढू नको.

पूर्व परीक्षा सोडू नको. हे मी अगदी स्वार्थानं सांगते. स्वतःची चार पैशांची सोय नसलेली पोरं मी नेत्याच्या गाडीत मागच्या सीटवर म्हातारी होताना बघितलीत. पेट्रोल त्यांचं, जेवण त्यांचं, मग मतही त्यांचंच होतं. आणि घाई करू नको. तुमच्या पिढीला आर. आर. आबांचं मुंबईतलं राजकारण आठवत असेल, पण आबा 1979 साली सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेले आणि आमदार झाले 1990 ला. मधली सगळी वर्षं जिल्हा परिषदेतच गेली.

2019 चा पूर आठवतो का? तू शाळेत होतीस. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आपल्या खालच्या आळीतली माणसं कुणी बाहेर काढली? पुढाऱ्यांचे फोन लागत नव्हते. डेअरीवर दुधाचं माप घेणारा पोरगा होता, त्यानं दुधाची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली होती. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, वासरू कुणाचं लहान आहे, सगळं त्याला त्या वहीवरून ठाऊक. पुढं पंचनाम्याला तलाठी आले तेव्हाही तीच वही उघडली. गेल्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलं आपणहून त्याच्या घरी गेली. तो उभा राहिला नाही. "दूध कोण मोजणार?" म्हणाला. मला त्याचा थोडा रागच आला होता.

तुझ्या यादीत मोबाईल कमी करायचंही दुसऱ्या पानावर दिसलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव ऐकलंयस ना? 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. एकट्यानं ठरवलेलं दोन दिवसांत मोडतं. तिथं सगळ्या गावानं मिळून ठरवलं, म्हणून शेजारणीच्या घरातून मालिकेचा आवाज आला तर लगेच कळतं. तुझ्या सहा गोष्टींपैकी अशी एखादी निघते का बघ. पळायचं काही मी गावाला सांगणार नाही.

मतदार यादीत नाव कुठं आहे तेही तपास. 1 जानेवारी ही यादीसाठी वयाची अठरा वर्षं मोजायची तारीख आहे, तसंच एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. पुण्याच्या खोलीवर नाव नेलं असशील तर गावच्या सभेत पहिला प्रश्न तोच येईल, "पोरी, तू हितली मतदार हायस का?" आणि घरपट्टी भरून टाका. तुझे वडील मार्चअखेरीपर्यंत ओढतात. उद्या एकविशी ओलांडलेली तू खरंच फॉर्म भरलास, तर थकबाकीवरून हरकत घेणारा पहिला माणूस भावकीतलाच असेल.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. नोटीस लागली की फलकाचा फोटो पाठवते. तुझा अर्ज त्याआधी माझ्याकडं पोचला पाहिजे, पोस्टानं नको, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दे. आदल्या रात्री निघालीस तर रेल्वेनं किर्लोस्करवाडीला उतर, धाकट्याला गाडी घेऊन पाठवते. साखर बंद असली तरी तिळाच्या वड्या ठेवल्यात.

तुझी,
आत्ती