त्यात सोनं कुठंय?

सोन्या,

दसऱ्याच्या रात्री परत येताना गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी जाऊन बोलू" म्हटलं. घरी आल्यावर डबे धुणं, साडीच्या घड्या, तुझी दुसऱ्या दिवशीची शाळा. बोलणं राहिलंच. तू विसरला असशील. मी विसरले नाही, म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय, तेव्हा वेळ लागेल तुला. बाबाची मदत घे, नाहीतर ठेवून दे कुठंतरी.

तुझ्या त्या वहीवरनं सुरू झालं ना सगळं. वॉटल डेला, इथल्या त्या पिवळ्या फुलांच्या झाडाच्या दिवशी, 1 सप्टेंबरला, तू ती सुरू केलीस. हिरवं आणि सोनेरी एकत्र जिथं दिसेल तिथं फोटो काढायचा आणि चिकटवायचा. हे इथले, ऑस्ट्रेलियाचे, राष्ट्रीय रंग 1984 साली सरकारनं अधिकृत ठरवले हे मला तुझ्या पहिल्या पानावरच कळलं. तोवर मला ती क्रिकेटवाल्यांची जर्सी वाटायची, आणि त्या जर्सीवरून 2023 च्या वर्ल्ड कप फायनलला आपल्या घरात काय झालं ते तुला आठवतंय. बाबा निळ्यात, तू हिरव्या-पिवळ्यात, अहमदाबादेत ट्रॅव्हिस हेड मारत सुटलेला, आणि बाबा त्या दिवशी जेवला नाही.

वहीत काय काय जमवलंयस! कोपऱ्यावरचं वॉटल. शहरातली ती जुनी हिरवी ट्राम (तिचा सायीचा रंग सोनेरी धरायचा का यावर आपण दोघं भांडलो). अर्धं पिकलेलं केळं. आणि आपला भांडी घासायचा स्पंज, एका बाजूनं हिरवा, दुसऱ्या बाजूनं पिवळा. मला तोच फोटो सगळ्यात आवडला.

मग दसरा आला. मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकमेकांना पुठ्ठ्याची हिरवी पानं दिली, मोठ्यांच्या पाया पडणं झालं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" झालं. आणि गाडीत तू ते पान उलटसुलट करून म्हणालास, "पण हे नुसतं हिरवंय. सगळे याला गोल्ड म्हणतात. व्हेअर इज द गोल्ड?" मग जरा वेळानं, हळूच, "इट्स काइंड ऑफ अ लाय, ना?"

शेवटचा 'ना' मराठी होता, तेवढंच समाधान.

'लाय' लागला मला. राग नाही आला. पण पुठ्ठ्याचं पान हे आपट्याच्या पानाचं सोंग, आणि आपट्याचं पान हे सोन्याचं सोंग, म्हणजे सोंगाचं सोंग. तू म्हणतोस त्यात चुकीचं काय, हे मला त्या क्षणी सांगता येईना. रघुराजा, कौत्स आणि कुबेराची गोष्ट तुला मंडळात सांगून झालीय. ती मी परत सांगत नाही. मलाही लहानपणी ती गोष्ट कुणी फारशी सांगितली नव्हती. आमच्याकडे दसरा गोष्टीतनं नाही आला, माझ्या वडिलांच्या, नानांच्या, हिरव्या झेंडीतनं आला.

नाना रेल्वेत पाइंटमन होते, एवढं तुला माहीत आहे. परभणी आणि जालन्याच्या मधलं एक बारकं स्टेशन, निजामाच्या काळात 1900 च्या सुमारास टाकलेली ती मनमाड-सिकंदराबादची लाइन, आणि रुळाला लागून आमचं क्वार्टर. तेव्हा रूळ मीटर गेज होते. मोठे रूळ आले तोवर मी परभणीला कॉलेजात होते. स्टेशनाची पाटी पिवळीधमक, काळी अक्षरं. पाटीमागं बाभळी. एक्स्प्रेस आमच्याकडे थांबायची नाही, नुसती निघून जायची. ती जाईपर्यंत नाना झेंडी धरून उभे असायचे, गार्डाकडून झेंडी आली की मगच हात खाली. 'ऑलराइट दिली' म्हणायचे त्याला. रात्री झेंडीच्या जागी हातबत्ती.

ती बत्ती तू पाहिली नाहीस. रॉकेलची होती, आतली काच फिरवली की लाल, हिरवा, पांढरा. नवमीला, खंडेनवमीला, ज्याच्या-त्याच्या हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, आमच्याकडे झेंडी आणि बत्ती. मला बत्ती पुसायचं काम. एका वर्षी मी दिवसाउजेडी काच काढून डोळ्याला लावली तर काय, ती हिरवी नव्हतीच! निळसर होती. पळत जाऊन नानांना सांगितलं की तुमची काच बिघडली. ते म्हणाले, "बिघडली न्हाई माय, तशीच ऱ्हाती ती. आतली ज्योत पिवळी, म्हणून भाईरून हिरवी दिसती." मग संध्याकाळी वात लावून दाखवलं. आत पिवळी, मधे निळी, आणि रुळांवर पडलेला उजेड हिरवागार.

मग त्याच झेंडीला आजीनं हळदीचं बोट लावलं. दरवर्षी लावायची. वर्षभर तो डाग जायचा नाही. त्या डागाच्या झेंडीनं नाना गाड्या पास करायचे, आणि वरचे साहेब आले की ती बाजू आत दुमडून धरायचे.

हे मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगत नाहीये. की सांगतेय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शिलंगण. नानांची ड्यूटी दुपारी सुटली तर आम्ही रूळ ओलांडून शिवेपर्यंत चालत जायचो. तेव्हा ज्वारी हिरवी, मूग-उडीद निघालेले. आता गेलास तर त्या दिवसांत सगळीकडे सोयाबीन पिवळं पडलेलं दिसेल, तुझ्या वहीला पुष्कळ फोटो मिळतील. आपट्याचं एकच झाड होतं ओढ्याकडेला. पान जाडसर, मधे दुमड असलेलं, दोन पानं चिकटून जन्मली असावीत तसं. वरनं हिरवं, मागनं फिकं. नाना जेवढी माणसं तेवढी मोजून पानं तोडायचे, वर दोन. त्यांच्या टोपीत घटाचं धान खोवलेलं असायचं. नऊ दिवस देवघराच्या अंधारात वाढलेलं ते धान हिरवं नसतं, पार पिवळं असतं, केसासारखं. उन्हात राहिलं तर हिरवं होतं, पण तोवर दसरा संपलेला.

आता एका वर्षाचं सांगते. मी तिसरीत होते. गावाकडं मोठ्या काकांनी विहीर काढायला घेतली होती. भावकीचं काम, नानांना नाही म्हणता आलं नाही. आजीच्या दोन पाटल्या सोनाराकडं गहाण पडल्या. विहिरीला खडक लागला, पाणी लागलं नाही. मराठवाड्यात किती घरचं सोनं असं जमिनीत गेलंय, काही विचारू नकोस.

आजीचा हात तुला माहीत आहे. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि त्यांच्या मागं पाटली. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईचा हात म्हणजे हाच: हिरवं आणि सोनेरी. त्या वर्षी नुसतं हिरवं. पाटलीच्या जागी कातडीवर एक पांढुरका पट्टा, ऊन न लागलेला. दसऱ्याच्या संध्याकाळी क्वार्टरात सगळे आले. मास्तर, त्यांची बायको, गँगमधली माणसं, पलीकडच्या वस्तीवरचे. जो तो पान पुढं करून "सोनं घ्या" म्हणतोय आणि आजी घेतेय. मी तिच्या हाताकडेच बघत होते. कुणीच काही बोललं नाही, पण सगळ्या बायकांनी तो पट्टा पाहिला, हे मला तिसरीतसुद्धा कळलं.

मग ती स्वैपाकघरात गेली, मी मागं. कणिक मळायला बसली होती. कुणीतरी नुकतंच दिलेलं एक पान तिनं बांगड्यांमागं खोचलं, बरोबर त्या पट्ट्यावर, आणि मळायला लागली.

हे दृश्य मी किती वर्षं उराशी धरून ठेवलं होतं म्हणून सांगू. कॉलेजात एकदा यावर निबंध लिहून बक्षीसही घेतलं. मागच्या वर्षी आजी इथं आली होती तेव्हा शेवटी धीर करून विचारलं, तू मुद्दाम तिथंच पान खोचलं होतंस का गं? ती म्हणाली, "काय की बाई. हात पिठाचे असतील."

तर हे असं आहे. अर्थ मी भरला असेन त्यात. पाटल्या पुढं सुटल्या, पण एकच घरी आली. दुसरी मोडली. एकीचं काय करायचं म्हणून तीही मोडून माझ्या लग्नात माझं मंगळसूत्र झालं. ते मी इथं कपाटात ठेवते, ऑफिसला घालत नाही. यावरही तू कधीतरी विचारशीलच.

आणि तुझ्या बाजूनंही बोलते, नाहीतर तू म्हणशील आई नेहमी तिकडचीच ओढते. आता परभणीत दसऱ्याला कोण शिवेवर जातं? हातगाड्यांवर गठ्ठे येतात. त्यात पुष्कळदा आपटा नसतोच, कांचनाची पानं असतात. म्हणजे खोट्या सोन्यातही भेसळ! झाडं फांद्यांसकट ओरबाडलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी रस्ताभर त्या सोन्याचा कचरा पडलेला असतो, झाडूवाल्या बायका तो गोळा करतात. बाजारातला तो गठ्ठा विकत घेऊन "सोनं घ्या" म्हणताना माझीही जीभ अडखळली आहे. तेव्हा खोटं वाटणारा तू काही पहिला नाहीस. पुठ्ठ्याचं पान तरी कुणाचं झाड उघडं करून आलेलं नाही. (त्या हॉलमध्ये खरं पान का नव्हतं म्हणशील, तर इथं विमानतळावर हिरवं पान आणू देत नाहीत. आजीनं पापडाच्या डब्यात चार आणली होती. मी फॉर्मवर लिहिली, त्या बाईनं हसून कचऱ्यात टाकली. तिचंही बरोबरच होतं.)

पण एक गोष्ट आठव. वॉटलचा फोटो चिकटवताना तू मला काय सांगितलंस? की गोल्डन वॉटलची पानं ही खरी पानं नसतातच, चपटे झालेले देठ असतात, पानाचं काम करणारे. तेव्हा 'लाय' नाही म्हणालास. 'कूल' म्हणालास. आपट्यालाच वेगळा न्याय का रे?

आणि मी तुला सांगायची राहिले ते हे. वॉटल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फुटपाथवर थांबून रडले होते, तू तेव्हा प्रॅममध्ये होतास. मला वाटलं बाभूळ. तशीच पिवळी, भुरभुरीत गोल फुलं. स्टेशनाच्या पाटीमागच्या बाभळींची फुलं आम्ही कानात डूल म्हणून अडकवायचो, घरी येईपर्यंत मान वाकडी करून चालायचं, पडू नयेत म्हणून. जवळ गेले तर काटे नाहीत. मग वाचलं की ही बाभळीचीच चुलत बहीण. आधी दोघींचं शास्त्रीय गटनाव एकच होतं, अकेशिया, आणि ते मुळात काटेवाल्या बाभळीवरनं पडलेलं. मग वनस्पतीशास्त्रज्ञांचं भांडण झालं की गट फोडायचा तर नाव कुणाकडं जावं. 2011 साली तुझ्याच मेलबर्नात सगळे जमले आणि शिक्कामोर्तब झालं: नाव वॉटलकडे राहील. बाभळीला आता दुसरं नाव आहे, व्हॅचेलिया. परभणीच्या बाभळीला त्याचा काही पत्ता नाही.

मला त्या बातमीनं विनाकारण वाईट वाटलं होतं. मग हसू आलं. मोठमोठी शिकलेली माणसं एका हॉलमध्ये बसून कोणत्या झाडाला काय म्हणायचं ते ठरवतात, आणि मग सगळे तेच म्हणतात. आम्ही आपट्याच्या पानाला सोनं म्हणतो. तुला मी सोन्या म्हणते.

एवढंच होतं. पाल्हाळ झालं. तुझं ते पुठ्ठ्याचं पान मी गाडीतनं उचलून तुझ्या टेबलावर ठेवलंय, वहीपाशी. चिकटवच असं म्हणत नाही. खरंच म्हणत नाही. नियम 'दोन्ही रंग दिसले पाहिजेत' असा तूच केलायस आणि नियमात ते बसत नाही, हे मला मान्य आहे. स्पंजाचा फोटो मात्र वहीतनं काढून टाकू नकोस.

आणि रविवारी आजीचा फोन आला की तिला पानाचं तू विचारून बघ, बांगडीमागच्या. मी सांगितलं म्हणून नको सांगू. मला नीट उत्तर दिलं नाही तिनं, तुला कदाचित देईल.

तुझी,
आई